मे महिन्यातील हिरवी रेघ



ऊर्जानगरात राहणाऱ्या मुलांना एक दृश्य चांगले परिचयाचे असेल. हिवाळ्यातील सकाळी महाऔष्णिक विद्युत केंद्राच्या कूलिंग टॉवरमधून पांढरेशुभ्र लोट वर चढताना दिसतात. पुष्कळांना तो धूर वाटतो. पण धूर निघतो तो उंच चिमण्यांतून. टॉवरमधून बाहेर पडते ती पाण्याची वाफ. थंड हवेत शिरताच तिचे बारीक बारीक थेंब बनतात आणि हे थेंबच आपल्याला ढगासारखे दिसतात. हे पाणी येते इरई नदीवरील धरणातून. चंद्रपूर शहराला लागणारे पाणीही याच धरणातून येते.

आता टॉवरकडे पाठ करून नदीकाठी चला. तेथे अर्जुनाची जुनी झाडे उभी आहेत. आपल्या भागात त्यांना कहू म्हणतात. सोबत जांभूळ, करंज आणि उंबरही आहेत. ही झाडेसुद्धा दिवसभर हवेत वाफ सोडत असतात, मात्र त्यांचा लोट कोणाला दिसत नाही. विद्युत केंद्राने किती पाणी घेतले ते मीटर सांगतो. शहराने किती घेतले तेही कळते. पण झाडांनी किती घेतले? झाडाच्या बुंध्याला कोणी मीटर बसवलेला नाही.

हा प्रश्न केवळ गंमतीचा नाही. २०१० सालच्या उन्हाळ्यात इरई धरणातील पाणी इतके खाली गेले की विद्युत केंद्राचे काही संच बंद ठेवावे लागले. अशा वेळी थेंबाथेंबाचा हिशेब सुरू होतो. कोणी म्हणतो, "नदीकाठची झाडेच पाणी पिऊन टाकतात." दुसरा म्हणतो, "नदीकाठ तर चांगला हिरवागार दिसतो, म्हणजे नदी ठीक आहे." या दोन्ही म्हणण्यांत तथ्य किती? ते पारखण्याचे एक साधन आज आपल्यापाशी आहे. आपल्यापासून सात-आठशे किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरणारे कृत्रिम उपग्रह हे ते साधन होय. वस्तूला स्पर्श न करता, तिच्याकडून येणाऱ्या प्रकाशावरून तिची माहिती मिळवणे याला सुदूर संवेदन म्हणतात. ते कसे चालते आणि ते कोठे फसते, हे आज आपण पाहू या.

पान प्रकाशाचे काय करते?

पान हिरवे का दिसते, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. पानातील हरितद्रव्य सूर्यप्रकाशातील निळा आणि तांबडा भाग शोषून घेते व त्यावर अन्न तयार करते. हिरव्या भागापैकी थोडा परत फेकला जातो, म्हणून पान हिरवे. पण गोष्ट येथेच संपत नाही. तांबड्या रंगाच्या पलीकडे, आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश असतो. दृश्य प्रकाशाला लागून असलेल्या अवरक्त भागाचे पानाला काहीच काम नसते. पानाच्या आतल्या पेशी स्पंजासारख्या पोकळ-पोकळ रचलेल्या असतात. पेशी आणि त्यांच्यामधील हवा यांच्या सीमेवर हा प्रकाश पुन्हापुन्हा वळतो आणि त्यातील जवळजवळ निम्मा भाग पान परत फेकून देते. निसर्गाने आपल्याला अवरक्त पाहणारे डोळे दिले असते, तर झाडे आपल्याला हिरवी दिसलीच नसती. ती त्या अदृश्य रंगाने लखलखताना दिसली असती!

पाण्याचे वागणे याच्या अगदी उलट असते. पाणी अवरक्त प्रकाश गिळून टाकते, त्यामुळे अवरक्त चित्रात नदी काळीकुट्ट दिसते. कोरडी माती या दोहोंच्या मधे असते. ती तांबडा प्रकाशही बराच परत पाठवते आणि अवरक्त त्याहून थोडा अधिक.

पान आजारी पडले किंवा तहानले तर काय होते? त्याच्या आतली रचना ढासळू लागते आणि अवरक्त प्रकाश परत फेकण्याची शक्ती कमी होते. पुष्कळदा डोळ्यांना पान अजून हिरवेच दिसत असते! भारतातील सुदूर संवेदनाची सुरुवात याच तत्त्वाने झाली. प्रा. पिशरथ रामा पिशरोटी हे हवामानशास्त्रज्ञ पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक होते. १९७० साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळातील नारळीच्या बागांवरून हेलिकॉप्टर नेले आणि अवरक्त फिल्म भरलेल्या कॅमेऱ्याने छायाचित्रे घेतली. मुळांच्या रोगाने ग्रासलेली झाडे त्या छायाचित्रांत वेगळी ओळखू आली.

एक वजाबाकी, एक बेरीज, एक भागाकार

उपग्रहावरील कॅमेरा तांबड्या आणि अवरक्त प्रकाशाचे वेगवेगळे मापन करतो. त्यावरून शास्त्रज्ञ एक साधा अंक काढतात. अवरक्तातून तांबडा वजा करायचा आणि उत्तराला दोहोंच्या बेरजेने भागायचे. याला वनस्पती निर्देशांक म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचे प्रचलित नाव एनडीव्हीआय असे आहे. उत्तर नेहमी उणे १ आणि अधिक १ यांच्या दरम्यान येते.

काही ढोबळ आकडे घेऊन हा अंक काढून पाहू. पानांनी भरलेला अर्जुन १०० भाग अवरक्तापैकी ४५ परत पाठवतो आणि तांबड्यापैकी ५. वजाबाकी ४०, बेरीज ५०, म्हणून निर्देशांक ०.८. उन्हाळ्यातील निष्पर्ण सागवनाचे आकडे समजा २८ आणि १८. वजाबाकी १०, बेरीज ४६, निर्देशांक सुमारे ०.२२. नदीचे स्वच्छ पाणी २ आणि ४. वजाबाकी उणे २, बेरीज ६, निर्देशांक उणे ०.३३. पाहा, तीन गोष्टी तीन आकड्यांत किती स्वच्छ वेगळ्या झाल्या!

येथे भागाकार कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. ऊन कमी-जास्त असेल किंवा टेकडीची सावली पडली असेल, तर दोन्ही आकडे साधारण सारख्याच प्रमाणात घटतात. भागाकार केल्यामुळे हा फरक बराचसा निघून जातो. तुमचे आणि मित्राचे गुण वेगवेगळ्या एकूण गुणांतून असतील, तर आपण टक्केवारी काढतो ना? तसेच हे.

मे महिनाच का?

पावसाळ्यात चंद्रपूर-गडचिरोलीचे चित्र काढले, तर सगळेच हिरवे. रान हिरवे, धानाचे बांध हिरवे, पडीक जमिनीवरचे गवतही हिरवे. अशा चित्रात नदीकाठ वेगळा काढणे म्हणजे पोपटांच्या थव्यात एक पोपट शोधण्यासारखे आहे. शिवाय त्या दिवसांत बहुधा ढगच आडवे येतात.

आता मे महिन्याचे चित्र पाहा. पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असतो. सागाची पाने केव्हाच गळून पडलेली असतात. धान कापून कित्येक महिने झालेले असतात. तेंदूला नवी पाने येतात आणि ती तोडायला सारे गाव रानात जाते, पण वरून पाहणाऱ्याला ती हिरवाई विरळच दिसते. या विटकरी-करड्या विस्तारात एक बारीक हिरवी रेघ मात्र वळणे घेत जाताना दिसते. इरईची रेघ, वर्धेची रेघ, चंद्रपूर आणि गडचिरोली यांच्यामधून वाहणाऱ्या वैनगंगेची रेघ. आठ महिने जवळजवळ पाऊस नसताना ज्यांची पाने हिरवी आहेत, त्यांना कोठून तरी पाणी मिळतेच आहे. एक तर त्यांची मुळे नदीच्या कुशीतील भूजलापर्यंत पोहोचली आहेत, किंवा कोणी पंप लावून पाणी देत आहे, किंवा ती वनस्पती पाण्यातच उभी आहे. म्हणून हा नियम लक्षात ठेवा : मे महिन्यात जे हिरवे, त्याच्याजवळ पाणी असलेच पाहिजे.

चित्रातील एक घर केवढे?

उपग्रहाचे चित्र आलेखाच्या कागदासारखे लहान लहान चौकोनी घरांचे बनलेले असते. एका घराला एकच आकडा. घराच्या आत काय काय आहे, हे उपग्रहाला वेगळे दिसत नाही. त्यामुळे घर केवढे हे फार महत्त्वाचे.

१९७२ साली अमेरिकेने पहिला लँडसॅट उपग्रह सोडला. १७ मार्च १९८८ रोजी आपला आयआरएस-१ए हा सुदूर संवेदन उपग्रह सोव्हिएत संघातील बैकोनूर येथून अवकाशात गेला. त्याच्या एका कॅमेऱ्याचे घर ७२.५ मीटर लांब-रुंद होते. हिशेब करा : ७२.५ गुणिले ७२.५ म्हणजे सुमारे ५,२५६ चौरस मीटर, अर्धा हेक्टरहून थोडे अधिक, आपल्या भाषेत सव्वा एकराहून थोडे जास्त. नदीकाठची झाडांची रांग पुष्कळ ठिकाणी जेमतेम वीस मीटर रुंद. अशा घरात रांग, वाळू, पाणी आणि शेजारचे शेत एकत्र मिसळून जात. दूध, पाणी आणि ताक एकाच भांड्यात ओतल्यावर चव कशाची म्हणून सांगणार?

२०१५ पासून युरोपच्या सेंटिनेल-२ मालिकेतील उपग्रह काम करू लागले. त्यांचे तांबड्या आणि अवरक्त प्रकाशाचे घर १० मीटरचे आहे, म्हणजे अवघे १०० चौरस मीटर. दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी त्याच जागेचे चित्र घेतात आणि ही चित्रे कोणालाही मोफत पाहता येतात. झाडांची एक रांग आता दोन घरांत तरी मावते. अशा चित्रांवर काम करण्यासाठी आपल्या राज्याचे सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपुरात १९८८ सालीच स्थापन झाले आहे.

तीन हिरवे ठिपके

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. एका मे महिन्यात मी आणि माझे काही विद्यार्थी महाविद्यालयाच्या संगणकावर नदीकाठचे असेच एक चित्र पाहत बसलो होतो. तीन ठिपके फार उठून दिसत होते. तिन्हींचा निर्देशांक ०.८ च्या जवळपास. मी मोठ्या विश्वासाने सांगून टाकले, "ही तीन दाट अर्जुनवने. यांची नोंद करा."

पुढच्या रविवारी आम्ही सकाळी सहालाच सायकली काढल्या. पहिला ठिपका खरोखरच अर्जुन-जांभळांचा होता. सावलीत शिरताच अंगाला गारवा लागला आणि माझी मान ताठ झाली. दुसऱ्या ठिकाणी पोहोचलो तर झाड एकही नाही! नदी आटल्यावर रेतीत लावलेली ती डांगरवाडी होती. टरबुजांचे आणि काकडीचे हिरवेगार वेल पसरलेले आणि शेजारी पंप फटफटत होता. तिसऱ्या ठिकाणी तर वासानेच पाऊल अडले. साचलेल्या काळ्या पाण्यावर काठोकाठ जलपर्णी माजली होती. वरून ती अर्जुनाइतकीच तजेलदार दिसत होती. तिचे आकडे ४८ आणि ५. निर्देशांक काढा : ०.८१. अर्जुनापेक्षाही किंचित जास्त!

एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, मग उपग्रह खोटे बोलला?" मी म्हणालो, "नाही. उपग्रहाने एवढेच सांगितले की येथे पुष्कळ हिरवी पाने आहेत. ती कोणाची, हे त्याने सांगितले नव्हते. ते मी माझ्या पदरचे घातले."

डांगरवाडीतील म्हातारेबाबा आमचे बोलणे ऐकत होते. ते हसून म्हणाले, "एका दिवसाचा फोटू पाहून काय समजन जी सर? आखाडात पूर आला का माही वाडी जाते, ते जलपर्णी बी जाते. कहू मात्र तिथंच राहते."

बाबांनी एका वाक्यात आम्हाला शास्त्रीय पद्धत सांगितली होती! परत आल्यावर आम्ही त्याच तीन ठिकाणांची वर्षभराची चित्रे एकामागून एक लावली आणि आलेख काढला. अर्जुनाची रेषा उन्हाळ्याच्या तोंडाशी पानगळीच्या वेळी थोडी खाली येते, नवी पालवी फुटली की चढते आणि मग पुरातही टिकून राहते. डांगरवाडीची रेषा हिवाळ्याच्या सुरुवातीला रेतीइतकी खाली, मग चढत जाते आणि पुरात एकदम कोसळते. जलपर्णीची रेषा पाणी साचते तसतशी वर चढते आणि मोठ्या लोंढ्यात शून्याखाली जाते, कारण तेथे आता उघडे पाणी असते. एका दिवशीच्या चित्रात जे तिघे जुळे भाऊ वाटले होते, ते वर्षाच्या आलेखात परस्परांना ओळखही देईनात.

आता त्या दुसऱ्या माणसाचे म्हणणे आठवा : "नदीकाठ हिरवा आहे, म्हणजे नदी ठीक आहे." समजा एखाद्या नदीवर दहा वर्षांत अर्जुनाची पाच हेक्टर राई गेली आणि सांडपाणी साचून आठ हेक्टर जलपर्णी वाढली. कोणी केवळ हिरव्या घरांची संख्या मोजली, तर अहवालात लिहिले जाईल : नदीकाठच्या हिरवाईत तीन हेक्टरांची वाढ! गणित बरोबर, निष्कर्ष उलटा.

माठाचे भौतिकशास्त्र

आता पहिल्या माणसाकडे वळू. झाडे पाणी किती पितात? मुळांनी ओढलेल्या पाण्याचा फार थोडा भाग झाड स्वतःजवळ ठेवते. बाकीचे पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ होऊन जाते. याला बाष्पोत्सर्जन म्हणतात. वाफ होण्यासाठी उष्णता लागते आणि ती पानातूनच घेतली जाते. माठातील पाणी गार का होते? कूलरमधून थंड हवा का येते? कारण तेच. म्हणून भर दुपारी उघडी मुरमाड जमीन पाय भाजेल इतकी तापलेली असते आणि भरपूर पाणी पिणारे झाड हवेइतकेच उबदार राहते.

येथे उपग्रहाचा दुसरा गुण कामास येतो. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार उष्णतेच्या लहरी बाहेर टाकते. लँडसॅट मालिकेतील उपग्रह त्या लहरी मोजून जमिनीचे आणि झाडांच्या माथ्यांचे तापमान सांगतात. मग ऊर्जेचा जमाखर्च मांडता येतो. सूर्याकडून जमा झालेली उष्णता तीन कामांत खर्च होते : जमीन तापवणे, हवा तापवणे आणि पाण्याची वाफ करणे. पहिले दोन खर्च तापमानावरून आणि हवामानाच्या नोंदींवरून काढले की उरलेला आकडा वाफेचा.

एक उदाहरण सोडवू. समजा भर दुपारी राईच्या प्रत्येक चौरस मीटरवर दर सेकंदाला ५०० जूल उष्णता जमा होते. जमिनीत गेली ५०, हवेत गेली १५०. उरली ३००. तासाचे सेकंद ३,६००, म्हणून तासात १० लाख ८० हजार जूल. १ किलोग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे २४ लाख ५० हजार जूल लागतात. भागाकार केला तर ०.४४ किलोग्रॅम. १ चौरस मीटरवर १ किलोग्रॅम पाणी पसरले तर त्याची जाडी १ मिलिमीटर होते. म्हणजे तासाला ०.४४ मिलिमीटर, हेक्टरी सुमारे ४,४०० लिटर! हे सारे पाणी डोळ्यांदेखत जाते आणि दिसत नाही.

१९९८ साली नेदरलँड्सच्या विम बास्तियानसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक चतुर युक्ती प्रसिद्ध केली. त्याच चित्रातील सर्वांत तापलेली कोरडी जागा शोधायची, तेथे वाफ शून्य मानायची. सर्वांत गार, ओली जागा शोधायची, तेथे वाफ पूर्ण मानायची. मापपट्टीची ही दोन टोके ठरली की बाकीची घरे त्यांच्या मधे बसवता येतात.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. तापमान मोजणाऱ्या लँडसॅटच्या कॅमेऱ्याचे घर १०० मीटरचे आहे. त्यात वीस मीटरची रांग आणि शेजारची तापलेली जमीन मिसळते, रांग उगाच गरम वाटते आणि तिचे पाणी प्रत्यक्षापेक्षा कमी मोजले जाते. शिवाय उपग्रह सकाळी एकदाच डोक्यावरून जातो. पूर्ण दिवसाचा आकडा हवामानाच्या नोंदींच्या मदतीने काढावा लागतो. म्हणून आकड्याबरोबर त्याची चूक किती असू शकेल, हेही सांगणे शास्त्रज्ञाचे कर्तव्य असते.

मग झाडे दोषी आहेत का?

थोडे गणित करून ठरवू. नदीच्या दोन्ही काठांना वीस-वीस मीटरची रांग धरली, तर १ किलोमीटर लांबीत ४ हेक्टर झाडी. ती दिवसाला ६ मिलिमीटर पाणी सोडते असे समजू. म्हणजे दिवसाला २ लाख ४० हजार लिटर. आकडा मोठा वाटतो ना? आता धरणाच्या उघड्या पाण्याकडे पाहा. मे महिन्यात तेथून दिवसाला १० मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तर १ चौरस किलोमीटरवरून १ कोटी लिटर गेले! माणशी रोज १३५ लिटर या शहरी प्रमाणाने ते सुमारे ७४ हजार लोकांचे पाणी झाले. तेवढे पाणी प्यायला नदीकाठच्या झाडांची रांग ४० किलोमीटरहून लांब हवी.

आणि झाडे नुसते पाणी घेत नाहीत. त्यांची मुळे काठ धरून ठेवतात आणि पुरात माती वाहून जाऊ देत नाहीत. त्यांच्या सावलीने उथळ डोह कमी तापतात. ताडोब्याच्या रानातील प्राणी उन्हाळ्यात याच हिरव्या रेघेच्या आश्रयाला येतात.

परदेशातील एक अनुभवही बोलका आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील नद्यांच्या काठी टॅमरिस्क नावाचे परके झुडूप पसरले होते. ते फार पाणी पिते, ते काढले की नदीला पाणी येईल, अशा समजुतीने ते काढण्याच्या मोठ्या मोहिमा झाल्या. पुढे काळजीपूर्वक मापने केली तेव्हा दिसून आले की त्याचा पाणीवापर तेथील स्थानिक झाडांहून फारसा वेगळा नाही. २०१० साली अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने या साऱ्या मापनांचा आढावा घेऊन तसेच सांगितले. आधी मोजले असते, तर पुष्कळ श्रम वाचले असते!

तेव्हा पहिल्या माणसाला आपण म्हणू, "झाडे पाणी पितात हे खरे, पण आधी मोजा आणि बाकीच्या खर्चाशेजारी ठेवून पाहा." आणि दुसऱ्याला म्हणू, "हिरवे दिसते हे खरे, पण ते काय आहे ते जवळ जाऊन पाहा."

करून पाहा

१. टीव्हीचा रिमोट अवरक्त प्रकाशाने चालतो. रिमोटच्या तोंडावर पिंपळाचे किंवा जास्वंदीचे ताजे पान धरा आणि बटण दाबा. टीव्ही चालतो का? आता त्याच जागी जाड पुठ्ठा धरून पाहा. यावरून पान अवरक्त प्रकाश शोषते की नाही, ते सांगा.

२. उन्हातील एखाद्या फांदीच्या टोकाला पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा. तीन तासांनी काढा आणि आत जमलेले पाणी मोजा. पिशवीतील पाने मोजून दर पानामागे किती पाणी आले ते काढा. पिशवीत हवा कोंडल्यामुळे हा आकडा खऱ्याहून कमी येईल की जास्त? का?

३. तुमच्या गावाजवळच्या नदीचा किंवा नाल्याचा अर्धा किलोमीटर काठ निवडा. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत, असे दोनदा मोठ्या माणसांबरोबर तेथे जा. काय काय हिरवे आहे त्याचा नकाशा काढा : झाडे कोणती, पीक कोणते, बेशरमाची झुडपे किती, जलपर्णी किती. तारीख लिहायला विसरू नका.

हा तिसरा नकाशा जपून ठेवा. उपग्रहाचा प्रत्येक आकडा शेवटी कोणीतरी जमिनीवर जाऊन पडताळावा लागतो. जुन्या चित्रांचा साठा आज उपलब्ध आहे, पण त्या दिवशी त्या जागी खरोखर काय उभे होते, हे लिहून ठेवणारी माणसे थोडी आहेत. वीस वर्षांनी कोणी इरईची किंवा तुमच्या गावच्या नाल्याची हिरवी रेघ अभ्यासायला बसेल, तेव्हा त्याला तुमच्या वहीतील ते एक पान लागेल.